हळदीचा रंग आणि जमिनीची परीक्षा

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे कृष्णेच्या पाण्याने एकमेकांशी जोडलेले आहेत. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी वाई, कराड, वाळवा, पलूस, मिरज असा प्रवास करीत पुढे जाते. वाटेत कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा तिला येऊन मिळते. या प्रवासात पाऊस बदलतो, पिके बदलतात आणि मातीही बदलते. उगमाकडची तांबडी माती आम्लधर्मी, तर खालच्या खोऱ्यातील काळी माती त्याच्या अगदी उलट गुणाची. डोळ्यांना दिसतो तो केवळ मातीचा रंग. तिचा रासायनिक गुण मात्र परीक्षा केल्यावाचून कळत नाही.

ही परीक्षा म्हणजे प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडलेली विद्या नव्हे. तिची पहिली पायरी स्वयंपाकघरातील हळदीच्या डब्यापासून सुरू होते, आणि सांगली तर हळदीचीच पेठ आहे. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद अन्नाला रंग देते, औषधाला उपयोगी पडते आणि आम्लारी पदार्थ ओळखण्याचे कामही करते. शाळेतील शिक्षकाला, ग्रामपंचायतीच्या सदस्याला किंवा गावात काम करणाऱ्या कृषी सहायकाला या साध्या साधनाचा उपयोग कसा करता येईल, आणि त्याची मर्यादा कोठे संपते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण चुकीच्या निदानावर केलेला उपाय जमिनीच्या बाबतीतही रोगापेक्षा महाग पडतो.

आम्ल, आम्लारी आणि सामू

लिंबू, चिंच, ताक, कैरी या पदार्थांना आंबटपणा येतो तो त्यांतील आम्लांमुळे. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, राखेचे पाणी हे पदार्थ बोटांना बुळबुळीत लागतात. त्यांना आम्लारी म्हणतात, आणि शेतीच्या भाषेत याच गुणाला विम्लता असेही नाव आहे. आम्ल आणि आम्लारी योग्य प्रमाणात एकत्र आले की एकमेकांचा गुण नाहीसा करतात आणि क्षार व पाणी तयार होते. या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात.

पदार्थ चाखून आम्ल ओळखण्याची रीत जुनी असली तरी ती धोक्याची आहे. प्रयोगातील कोणताही पदार्थ जिभेला लावू नये, हा पहिला नियम विद्यार्थ्यांना सांगितला पाहिजे. चाखण्याऐवजी रंगाचा उपयोग करता येतो, हे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या रंगांविषयीच्या ग्रंथात दाखवून दिले. व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने तांबडा आणि अल्काने हिरवा होतो, असे त्याने नोंदविले. अशा रंग बदलणाऱ्या पदार्थांना दर्शक म्हणतात. प्रयोगशाळेतील लिटमस हा दर्शकही नैसर्गिक असून, आपल्या मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गात मोडते त्याच वर्गातील सजीवांपासून तो मिळतो. निळा लिटमस आम्लात तांबडा होतो आणि तांबडा लिटमस आम्लारीत निळा होतो.

परंतु ‘आम्लधर्मी’ किंवा ‘आम्लारिधर्मी’ एवढे म्हणून भागत नाही. किती, हेही सांगावे लागते. १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेनसेन या शास्त्रज्ञाने त्यासाठी एक मापनश्रेणी मांडली. मराठीत तिला सामू म्हणतात. सर्वसाधारणपणे ही श्रेणी शून्यापासून चौदापर्यंत धरली जाते. सात हा उदासीन बिंदू. त्याच्या खाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीचच्या आसपास, दह्याचा चार ते साडेचार, ताज्या उसाच्या रसाचा सव्वापाचच्या आसपास, ताज्या दुधाचा ६.६ ते ६.८ असतो. खाण्याच्या सोड्याचे द्रावण ८.३ च्या जवळ, तर चुन्याची निवळी बाराच्या पुढे जाते.

या श्रेणीत एक मेख आहे. सामू एका अंकाने बदलला की आम्लता दहा पटींनी बदलते. सामू सातवरून नऊवर गेला तर फरक दोनचा नसून शंभर पटींचा असतो. मृद चाचणीच्या पत्रिकेत ‘सामू ८.२’ आणि ‘सामू ९.२’ हे आकडे शेजारी-शेजारी दिसले, तरी त्या दोन जमिनींत मोठे अंतर असते. पत्रिका वाचणाऱ्याने आणि वाचून दाखविणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

घरातील दर्शक

हळदीने पिवळ्या झालेल्या कपड्याला साबण लावला की डाग एकदम लालसर होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. कपडा भरपूर पाण्यात खळबळला की तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. या अनुभवातच दर्शकाचे सारे शास्त्र आले. हळदीतील कर्क्युमिन हा रंगद्रव्याचा घटक आम्लात व उदासीन पाण्यात पिवळा राहतो आणि सामू साडेसातच्या पुढे जाऊ लागला की नारिंगी, मग तांबूस-तपकिरी होतो.

हळदीचा कागद तयार करणे अगदी सोपे आहे. चमचाभर भेसळ नसलेली हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवून काही वेळ ठेवावी. स्पिरिट नसेल तर गरम पाणी चालते, मात्र हळदीतील रंग पाण्यात फारसा विरघळत नसल्याने कागद फिकट होतो. द्रावण गाळून त्यात टिपकागदाच्या किंवा गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि झाकणाच्या बाटलीत अंधारात ठेवाव्यात. स्पिरिट ज्वालाग्राही असल्यामुळे हे काम विस्तवापासून दूर आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे.

एका पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की ती तत्काळ तांबूस होते. त्याच ठिकाणी लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळी होते. उदासिनीकरणाची क्रिया मुलांना समजावून सांगण्यास याहून सुलभ प्रयोग नाही. चुना डोळ्यांत जाऊ नये, एवढी काळजी मात्र घेतली पाहिजे.

हळदीची उणीव अशी की, ती आम्ल आणि उदासीन पदार्थ यांत भेद करीत नाही. लिंबाचा रस असो वा पावसाचे पाणी असो, पट्टी पिवळीच राहते. ही उणीव जास्वंद भरून काढते. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात ठेवून काढलेला अर्क आम्लाने गडद गुलाबी आणि आम्लारीने हिरवा होतो. हळद आणि जास्वंद हे दोन दर्शक जवळ असले की गावच्या शाळेत आम्ल, उदासीन आणि आम्लारी या तिन्ही प्रकारांची ओळख करून देता येते. फुलांचा अर्क मात्र लवकर खराब होतो, म्हणून तो ताजाच वापरावा.

प्रयोगशाळेतील दर्शकांचाही असाच ज्याचा-त्याचा ठरावीक टप्पा असतो. मिथिल ऑरेंज हा दर्शक ३.१ ते ४.४ या सामूच्या दरम्यान तांबड्याचा पिवळा होतो. ब्रोमोथायमॉल ब्लू ६.० ते ७.६ च्या दरम्यान पिवळ्याचा निळा होतो. फिनॉल्फ्थॅलिन ८.२ पर्यंत रंगहीन राहतो आणि त्यापुढे गुलाबी होऊ लागतो. म्हणजे कोणताही एक दर्शक फक्त आपल्या उंबरठ्याविषयी साक्ष देतो. उंबरठ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे नेमके किती अंतर आहे, हे तो सांगत नाही. पुढील सर्व विवेचनात हा नियम ध्यानात ठेवावयाचा आहे.

दूध आणि गूळ : मोजमापाचे दोन धडे

दर्शकाच्या साहाय्याने केवळ ओळखच नव्हे, तर मोजमापही करता येते. दूध संकलन केंद्रांचे काम त्याची साक्ष देईल. दूध तापविण्यापूर्वीच ते नासण्याच्या बेतात आहे की काय, हे आम्लतेच्या मोजमापावरून समजते. दहा मिलिलिटर दुधात फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब टाकून, एक नवमांश नॉर्मल तीव्रतेचे दाहक सोड्याचे द्रावण ब्युरेटमधून थेंबथेंब सोडतात. टिकून राहणारी फिकट गुलाबी छटा आली की थांबतात. या प्रमाणात घेतलेल्या परीक्षेत द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ०.१ टक्का आम्लता. दीड मिलिलिटर लागले तर आम्लता ०.१५ टक्के. ताज्या दुधाची आम्लता साधारणतः ०.१३ ते ०.१७ टक्क्यांच्या दरम्यान असते. ती त्याहून वाढू लागली की दुधात दुग्धाम्ल तयार होऊ लागल्याचे ओळखावे.

या परीक्षेलाही चकविता येते. आंबू लागलेल्या दुधात सोडा मिसळला की आम्लता कमी भरते आणि दूध ताजे असल्याचा भास होतो. म्हणून दुसरी परीक्षा करावी लागते. अशा दुधात तितकेच अल्कोहोल घालून रोझॉलिक आम्ल या दर्शकाचे थेंब टाकले, तर सोडा असल्यास गुलाबी-तांबडा रंग येतो. नसल्यास रंग तपकिरीसर राहतो. एका परीक्षेचा निकाल दुसरीने पडताळून पाहावा, हा धडा येथे मिळतो आणि जमिनीच्या बाबतीत तो फार उपयोगी पडतो.

गुऱ्हाळावरील गुळव्याला सामू हा शब्द ठाऊक नसेल, परंतु त्याचे तत्त्व त्याच्या हातात असते. उसाचा रस स्वभावतः आम्लधर्मी. तसाच तापविला तर साखरेचा काही भाग आम्लामुळे मोडतो आणि गूळ चिकट राहून नीट घट्ट होत नाही. म्हणून काहिलीत चुन्याची निवळी घालून रसाचा सामू सहाच्या थोडा वर आणतात. भेंडीच्या रसाने मळी वर येते आणि ती काढून टाकतात. चुना कमी पडला तर गूळ बसत नाही. जास्त झाला तर काळवंडतो. उपाय योग्य असला तरी तो मापात असावा लागतो, हा दुसरा धडा.

एका खोऱ्यातील दोन माती

महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. युगानुयुगे चाललेल्या या पावसाने तेथील खडकातील चुना, मॅग्नेशियम यांसारखे विद्राव्य घटक धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. त्यातून जांभा खडक आणि तांबडी माती तयार झाली. महाबळेश्वर, जावळी, पाटण या तालुक्यांच्या डोंगरभागात म्हणूनच आम्लधर्मी जमिनी आढळतात. आम्लता हा सदैव दोषच असतो असे मात्र नाही. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साडेपाच ते साडेसहा सामूच्या, म्हणजे किंचित आम्लधर्मी जमिनीतच चांगली येते. तेथे कोणी परीक्षा न करता चुना टाकला, तर त्यात हिताऐवजी नुकसानच व्हावयाचे.

पूर्वेकडे गेल्यावर चित्र पालटते. कऱ्हाडच्या खाली कृष्णाकाठची खोल काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात चुनखडी मुबलक असते. तिचा सामू साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असणे नैसर्गिक आहे. पाऊस बेताचा असल्याने क्षार खोलवर धुऊन जात नाहीत. तरीही पाणी बेताचे होते तोपर्यंत ते खालच्या थरांत पडून राहिले.

पाणी आले आणि समृद्धी आली. एकोणिसाव्या शतकात कऱ्हाडजवळ खोडशी येथील बंधाऱ्यावरून कृष्णा कालवा निघाला. स्वातंत्र्योत्तर काळात कोयना धरण, सहकारी उपसा जलसिंचन योजना आणि सहकारी साखर कारखाने यांनी या खोऱ्याचे रूप पालटले. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी टापूपर्यंत नेले. या पाण्याने माणसांना उभे केले, हे निर्विवाद आहे. परंतु जेथे उसाला वर्षानुवर्षे पाट भरून पाणी देण्यात आले आणि निचऱ्याची सोय मात्र झाली नाही, तेथे भूजलाची पातळी वर आली. पाण्याबरोबर क्षारही वर आले. उन्हाने पाण्याची वाफ झाली आणि क्षार पृष्ठभागावर राहिले. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत एके काळी भरघोस ऊस देणारी काही शिवारे अशा रीतीने पडीक झाली. ज्या कुटुंबाचा संसार त्या दोन-तीन एकरांवर उभा आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकातील रसायनशास्त्राचा राहत नाही.

कालव्याच्या पाण्याखालील जमिनींचा हा प्रश्न नवा नाही. सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ साली स्थापन झालेल्या ऊस संशोधन केंद्राने नीरा कालव्याच्या परिसरात उसाबरोबर मातीच्या अभ्यासाकडेही लक्ष दिले, ते याच गरजेतून.

ग्लासातील परीक्षा

शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात करता येईल अशी मातीची प्राथमिक परीक्षा पुढीलप्रमाणे आहे. वाळविलेली व चाळलेली माती एक भाग आणि पाणी अडीच भाग, या वजनी प्रमाणात स्वच्छ काचेच्या ग्लासात घ्यावे. चाळीस ग्रॅम माती असेल तर शंभर मिलिलिटर पाणी लागेल. अर्धा तास अधूनमधून ढवळावे आणि मग स्थिर ठेवावे.

पाणी कोणते घ्यावे, याला फार महत्त्व आहे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी स्वतःच आम्लारिधर्मी असू शकते. अशा पाण्याने परीक्षा केल्यास दोष पाण्याचा आणि आळ मातीवर, असे होईल. म्हणून पावसाचे स्वच्छ धरलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरावे आणि नुसत्या पाण्याची परीक्षा दर्शकाने आधी करून घ्यावी. या कोऱ्या परीक्षेवाचून पुढील रंगाला अर्थ नाही.

पाणी स्थिर झाल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वरच्या पाण्यात हळदीची पट्टी बुडवून रंग बदलतो काय. दुसरी, थोडे पाणी वेगळे काढून त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकल्यास गुलाबी रंग येतो काय. तिसरी, माती खाली बसून पाणी नितळ होते की तासन्‌तास गढूळच राहते. याशिवाय वाळलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबाचा रस किंवा विरल आम्ल टाकून बुडबुडे येतात काय, हे पाहिले म्हणजे मातीत मोकळी चुनखडी आहे किंवा नाही याचा अंदाज येतो. आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये.

पट्टीला किंचित नारिंगी छटा आली, फिनॉल्फ्थॅलिन रंगहीन राहिले आणि ढेकळावर बुडबुडे आले, तर ती चुनखडीची काळी जमीन आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा छटेने घाबरून जाण्याचे कारण नाही. पट्टी स्पष्ट तांबूस झाली, फिनॉल्फ्थॅलिनने गुलाबी रंग दिला आणि पाणीही गढूळ राहिले, तर मात्र ती जमीन चोपण झाल्याचा दाट संशय घ्यावा.

रंग जे सांगत नाही

येथे सर्वांत मोठी चूक होते. मीठ फुटल्यासारखी पांढरी झालेली जमीन पाहून ती ‘खराब’ आणि काळी दिसणारी जमीन ‘चांगली’, असे समजले जाते. आता या दोन्ही जमिनींची ग्लासातील परीक्षा केली असे समजू. पांढऱ्या जमिनीच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन रंगहीन राहते, हळदीची पट्टी पिवळी किंवा जेमतेम नारिंगी दिसते आणि पाणी लवकर नितळते. काळ्या जमिनीच्या पाण्यात दर्शक रंगतो आणि गढूळपणा हटत नाही. पाहणारा गोंधळून जातो. परंतु दर्शक खोटे बोललेला नाही. त्याला प्रश्नच वेगळा विचारला गेला होता.

पांढरी जमीन क्षारयुक्त असते. तिच्यातील क्षार बहुतांशी सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्लोराइड आणि सल्फेट असतात. हे क्षार जवळपास उदासीन असल्याने दर्शक हलत नाही. अशा जमिनीचा सामू साडेआठच्या आत असतो, परंतु तिची विद्युत वाहकता चार डेसीसिमेन प्रति मीटरपेक्षा अधिक भरते. मुळांभोवती पाणी असूनही क्षारांमुळे पिकाला ते घेता येत नाही.

चोपण जमिनीत विद्राव्य क्षार कमी, पण मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम अधिक असते. एकूण विनिमयक्षम मूलद्रव्यांत सोडियमचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर गेलेले असते आणि सामू साडेआठच्या पुढे असतो. सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन पाण्यात तरंगतात, म्हणून ग्लासातील पाणी गढूळ राहते. शेतात हेच कण छिद्रे बुजवितात. पाणी मुरत नाही. ओली असताना जमीन चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. स्फुरद, लोह, जस्त ही अन्नद्रव्ये पिकाला सहज मिळेनाशी होतात. उसावर केवडा पडतो, म्हणजे कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात, त्यामागे लोहाची ही कमतरता हे एक कारण असते. काही जमिनींत दोन्ही दोष एकत्र असतात. त्यांना क्षारयुक्त-चोपण म्हणतात. तेथे क्षारांच्या आधिक्यामुळे सामू बऱ्याचदा साडेआठच्या आतच राहतो आणि नुसत्या रंगावर भरवसा ठेवणारा हमखास फसतो.

निदान वेगळे, म्हणून उपायही वेगळा. क्षारयुक्त जमिनीला औषधापेक्षा निचरा हवा. उघडे चर खणून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून पाण्याला वाट करून दिली आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढले, तर जमीन सुधारते. तिच्यावर जिप्सम टाकून पैसा खर्च करण्यात अर्थ नाही. चोपण जमिनीला मात्र जिप्सम लागते. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निघून जाते. मोकळी चुनखडी असलेल्या जमिनीत गंधकाचाही उपयोग होतो. जमिनीतील जिवाणू त्याचे हळूहळू आम्लात रूपांतर करतात, आणि ते आम्ल चुनखडीवर क्रिया करून जागच्या जागी जिप्सम तयार करते. ताग, धैंचा यांसारखी हिरवळीची खते आणि कारखान्यातील प्रेसमड यांचीही जोड द्यावी लागते. पण चोपण जमिनीतही सुटलेले सोडियम वाहून नेणारा निचरा नसेल, तर जिप्समचा खर्च पाण्यातच जातो. शिवाय जिप्सम किती टाकावे हे हळदीची पट्टी सांगू शकत नाही. गुळाच्या काहिलीतील चुन्याप्रमाणे येथेही माप लागते, आणि ते प्रयोगशाळेतच मिळते.

नमुना चांगला, तर निकाल चांगला

प्रयोगशाळेतील सामूमापक यंत्र प्रमाणित द्रावणांनी तपासून घेतलेले असते आणि दशांशापर्यंत सामू देते. परंतु यंत्रापुढे आलेली मूठभर माती साऱ्या शेताची प्रतिनिधी नसेल, तर यंत्राचा काय दोष? पीक निघाल्यानंतर आणि खते देण्यापूर्वी नमुना घ्यावा. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग, पाण्याचा पाट ही ठिकाणे टाळावीत. पांढरट पट्टा आणि चांगला पट्टा यांचे नमुने एकत्र करू नयेत. ते स्वतंत्र घ्यावेत. एकसारख्या तुकड्यात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेऊन कडेची माती खरवडावी. ती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत ही कृती करावी. माती सावलीत वाळवावी. खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरला, तर निकाल खताचा येईल, जमिनीचा नव्हे. खारवट जमिनीसाठी खालच्या थरांचे स्वतंत्र नमुने आणि सिंचनाच्या पाण्याचा नमुनाही द्यावा.

देशात २०१५ साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिका योजनेत सामू आणि विद्युत वाहकता यांच्यासह बारा घटकांच्या तपासणीची तरतूद करण्यात आली. पत्रिका घरी आल्यावर सामूच्या आकड्याशेजारचा विद्युत वाहकतेचा आकडाही वाचावा. या दोन आकड्यांची जोडी पाहूनच जमिनीचा प्रकार ओळखण्याच्या दिशेने पाऊल टाकता येते. चोपणपणाचा संशय असल्यास विनिमयक्षम सोडियम आणि जिप्समची गरज यांची तपासणी मागून घ्यावी.

शाळा, पंचायत आणि शिवार

शाळेतील विज्ञानाच्या तासाला हळद, जास्वंद आणि चुना यांच्या जोडीला गावच्या चार शिवारांतील मातीचे चार ग्लास मांडले, तर धडा पुस्तकाबाहेर येतो. वर्गातील मुलांनी आपापल्या शेतातील निरीक्षणे वहीत नोंदवावीत आणि ती प्रयोगशाळेच्या पत्रिकेशी ताडून पाहावीत. जेथे मेळ बसणार नाही, तेथेच खरा अभ्यास सुरू होतो.

ग्रामपंचायतीची जबाबदारी याहून मोठी आहे. नमुना एका शेतातून घेतला जातो, पण पाणी बांध पाळीत नाही. वरच्या अंगाच्या शेतात दिलेले जादा पाणी खालच्या अंगाच्या शेतात उफाळते. ज्याची जमीन पांढरी झाली, त्याचा त्यात अपराध असतोच असे नाही. त्याने आपल्या पुरता चर खणला, तरी पुढे नाला बुजलेला असेल तर पाणी जाणार कोठे? म्हणून नाल्यांची सफाई, सामाईक निचरा आणि ठिबकसारख्या साधनांनी पाण्याचा बेताने वापर, हे विषय ग्रामसभेत आले पाहिजेत. गावाच्या नकाशावर पत्रिकांतील सामू आणि विद्युत वाहकतेचे आकडे भरले, तर दोष कोठून कोठे सरकतो आहे, हे साऱ्यांना एका दृष्टीत दिसेल. मग चर्चा आरोपांवरून उपायांकडे वळेल.

चिमूटभर हळद जमीन सुधारू शकत नाही, पण शेतकऱ्याला वेळीच प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेऊ शकते. पट्टीचा रंग बदलला तर कारण शोधावे, आणि पीक पिवळे पडत असूनही पट्टीचा रंग बदलला नाही, तर अधिकच सावध होऊन शोधावे. आधी परीक्षा, मग निदान, मग उपाय, आणि तोही मापात, हा क्रम कृष्णाकाठच्या शिवारांनी पाळला, तर पडीक झालेल्या जमिनी पुन्हा पिकाखाली आणण्याची वाट मोकळी होईल, आणि आज पिकणाऱ्या जमिनी उद्या पडीक होण्यापासून वाचतील.